संविदा अधिनियमातील गावचा सावकार

भारतीय संविदा अधिनियमाचा अभ्यास करणारा विद्यार्थी बहुधा कलमांकडे लक्ष देतो आणि त्यांखालील उदाहरणे ओझरती वाचून पुढे जातो. परंतु या उदाहरणांपैकी तीन अशी आहेत की, त्यांत कायद्याइतकाच इतिहास साठवलेला आहे. कलम १६ खालील एका उदाहरणात पूर्वीच ऋणको असलेला मनुष्य आपल्या गावच्या सावकाराकडून नवे कर्ज काढतो. त्याच्या अटी सकृद्दर्शनी अन्याय्य दिसतात. अनुचित प्रभाव पडला नाही हे सिद्ध करण्याचा भार तेथे सावकारावर टाकलेला आहे. कलम १९-क खालील उदाहरणात सावकार शेतकऱ्याला १०० रुपये देऊन २०० रुपयांचे खत लिहून घेतो, व्याज दरमहा शेकडा ६. न्यायालयाने ते खत रद्द करावे, मात्र १०० रुपये योग्य वाटेल त्या व्याजासह परत देववावेत, असे तेथे सांगितले आहे. कलम ७४ खाली ठरल्या दिवशी १० मण धान्य न घातल्यास २० मण घालण्याची अट आहे; ती अट दंडरूप मानली आहे.

१८७२ च्या मूळ अधिनियमात ही उदाहरणे नव्हती. १८९९ च्या सहाव्या अधिनियमाने ती आली. करार बंधनकारक केव्हा होतो, त्याचा भंग झाल्यास काय देणे लागते आणि न्यायालयाने कोणता उपाय द्यावा, या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांत गावचा सावकार सत्तावीस वर्षांनंतर का अवतरला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्या शोधाची वाट दख्खनच्या कर्जखतांतून जाते.

मूळ अधिनियम १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. त्याची भूमिका सुटसुटीत होती. सक्षम पक्षांनी मुक्त संमतीने, विधियुक्त प्रतिफलासाठी व विधियुक्त उद्देशाने केलेला करार न्यायालयातून बजावता येतो, हे कलम १० चे सार होय. अनुचित प्रभावाची त्या वेळची व्याख्या मात्र संकुचित होती. ज्याच्यावर विश्वास टाकलेला आहे किंवा ज्याचा अधिकार चालतो अशा व्यक्तीने त्या स्थितीचा लाभ उठवणे, अथवा वार्धक्य, आजार वा क्लेश यांनी दुर्बल झालेल्या मनाकडून संमती मिळवणे, एवढ्यापुरती ती होती. सावकार हा कुणब्याचा पालक नव्हे, वैद्य नव्हे, अधिकारीही नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र मनुष्य होते आणि खताखालची निशाणी हा मुक्त संमतीचा पुरावा होता.

पूर्वीची व्यवस्था निराळी होती. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पेशवाईतील तकाज्याची पद्धत नोंदवली आहे: धनको ऋणकोच्या दाराशी बसे, अथवा माणसे बसवी, आणि तंटा विकोपास गेल्यास पंचायत बसे. ही पद्धत कठोर होती, यात संशय नाही; परंतु तिच्यात धनकोची शक्ती गावाच्या संमतीने मर्यादित राहत असे. दामदुप्पटीच्या नियमामुळे एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाच्या पुढे जात नसे. इंग्रजी अमलात या मर्यादा एकेक करून सैल झाल्या. १८५५ च्या अठ्ठाविसाव्या अधिनियमाने व्याजाच्या दरावरील कायदेशीर निर्बंध उठवले. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी जप्ती आणि अटक ही साधने धनकोच्या हाती दिली. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली.

या शेवटच्या तरतुदीचा हेतू ऋणकोच्या हिताचा होता. परिणाम उलट झाला. मुदत संपत आली की सावकार नवे खत मागे आणि त्यात साचलेले व्याज मुद्दल म्हणून लिहिले जाई. हिशेबासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. १०० रुपयांचे कर्ज, व्याज दरसाल शेकडा २४. तीन वर्षांनी देणे १७२ रुपये होते. त्या रकमेचे नवे खत झाले की आणखी तीन वर्षांनी देणे जवळजवळ २९६ रुपये होते. सहा वर्षांत कर्ज तिपटीस आले. तरीही कोणत्याही एका खतावर व्याज मुद्दलाहून अधिक झालेले नाही. दामदुप्पट शब्दशः पाळली गेली आणि वस्तुतः बुडाली. पुढे दावा लागला की प्रतिवादी बहुधा गैरहजर असे. न्यायालय दूर आणि खत स्पष्ट. एकतर्फी हुकूमनामा होई. पाहणी व जमाबंदीनंतर जमिनीचा कबजा हस्तांतरणीय झाला असल्यामुळे अखेरीस लिलावात ती जमीनच जाई.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले आणि पतही सैल झाली. नंतर भाव कोसळले, आणि १८६७ पासून काही तालुक्यांत सारावाढ झाली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजारच्या दिवशी, जमावाने सावकारांची घरे व दुकाने लुटली. लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांस शिक्षा झाल्या. चौकशी आयोगाच्या नजरेस आलेली ठळक गोष्ट ही की, जमावाचा रोख खते आणि हुकूमनामे यांवर होता; कागद मुकाट्याने हाती आले तेथे सहसा दंगा झाला नाही. कुणब्याला अधिनियमाची कलमे ठाऊक नव्हती. परंतु आपले बंधन कोठे आहे हे त्याने अचूक ओळखले होते.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. या दंग्यांना १८७२ चा अधिनियम कारण झाला असे म्हणता येणार नाही. खतांचा भार त्यापूर्वीचाच होता. शिवाय दंग्यांचा विस्तार व महत्त्व पुढे अतिशयोक्तीने वर्णिले गेले, असे नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली प्रतिपादन केले आहे. त्यांचा मुद्दा ग्राह्य धरला तरी दंग्यांची विधिविषयक फलश्रुती उणावत नाही. कारण ती दंग्यांच्या आकारावर नव्हे, तर त्यानंतर खतांची जी तपासणी झाली तीवर अवलंबून आहे.

ती फलश्रुती म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. खत पुढे आले एवढ्यावर न्यायाधीशाने थांबू नये. व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असे कलम १२ ने फर्मावले. कलम १३ ने मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे करून व्याजाचे मुद्दल होण्याचा मार्ग बंद केला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करण्याची मनाई झाली. विशेषत्वाने गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्तीतून वगळली गेली. हप्तेबंदीचीही सोय झाली. खते ग्रामनिबंधकासमोर लिहावीत असे ठरले. महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक होण्यापूर्वी या अधिनियमाखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

या अधिनियमाने बंधन कशामुळे येते याची व्याख्या बदलली नाही. त्याने पुरावा आणि उपाय बदलले. आणि त्यामुळेच बंधनाचे वजन बदलले. मात्र त्याच्या मर्यादाही लवकरच दिसल्या. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची वाट सावकारांनी शोधली. पत आखडल्याची तक्रार झाली. शेतकरी कोणास म्हणावे यावर वाद माजले. शिवाय चार जिल्ह्यांबाहेर सामान्य विधी जसाच्या तसा होता.

१८९९ च्या दुरुस्तीचे महत्त्व येथे आहे. कर्जबाजारीपणाची चिंता त्या वेळी एकट्या दख्खनची नव्हती, म्हणून सर्व श्रेय दख्खनला देणे योग्य होणार नाही. परंतु एका प्रांताच्या अपवादात्मक कायद्याने न्यायाधीशाला जे करण्यास सांगितले होते, म्हणजे निशाणीच्या पलीकडे पाहण्यास, ते आता सर्वसामान्य संविदा विधीच्या अंगभूत झाले. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत आहे काय, हा प्रश्न पुढे आला. आणि त्याचे उत्तर होकारार्थी येऊन व्यवहार अन्याय्य दिसला तर सिद्धतेचा भार फिरला. कलम १६ खाली सावकाराच्या लगेच पुढे एक पेढीवाला येतो. नाणेबाजारात टंचाई असताना तो चढ्या व्याजाने कर्ज देतो. तेथे अनुचित प्रभाव मानलेला नाही. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवण्यात मर्म आहे. व्याजाचा आकडा दोष ठरवत नाही. दोन पक्षांमधील नाते ठरवते.

याच भेदाची कठोर बाजू रघुनाथ प्रसाद विरुद्ध सरजू प्रसाद या दाव्यात दिसली. तेथे चक्रवाढ व्याजाने १०,००० रुपयांचे देणे अकरा वर्षांत १,१२,००० रुपयांच्या वर गेले होते. तरीही वर्चस्वाची स्थिती प्रथम सिद्ध झाली पाहिजे, केवळ जबर व्याज पुरेसे नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९२३ साली दिला. परिणामी व्याजदराचे नियंत्रण संविदा विधीकडून होणे शक्य नव्हते. ते काम १९४६ चा मुंबई सावकार अधिनियम आणि त्याची जागा घेणारा महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन अधिनियम यांसारख्या कायद्यांकडे गेले.

दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम आता इतिहासजमा झाला आहे. तीन उदाहरणे मात्र आजही अमलात आहेत. मुक्त संमती ही खताच्या कागदावरून वाचता येत नाही; ती खत लिहिण्यापूर्वीच्या परिस्थितीवरून ठरते. हा बोध विधीला तत्त्वचिंतनातून झाला नाही. त्यापूर्वी पुष्कळ खते जळावी लागली, आणि पुष्कळ जमिनी लिलावात जाव्या लागल्या. कलमाखालचे उदाहरण वाचताना विद्यार्थ्याने हे विसरू नये.