डोंबिवलीची संख्या

परळच्या फलाटावर डोंबिवली लोकलची वाट पाहताना मला हमखास एक सतरा अंकी संख्या आठवते: १२३४५६७८९८७६५४३२१. तिचं आणि डोंबिवलीचं नातं आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेतले मास्तर, जन्म डहाणूचा, १९०५ चा. जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर डेम्लो स्टेशन होतं, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे त्यांना एका जातीच्या संख्या सुचल्या आणि त्यांनी स्टेशनचंच नाव त्यांना दिलं. १६५ घ्या: टोकांचे १ आणि ५ मिळून मधला ६. २५५३ चंही तसंच. यातल्या एका घराण्याला ते ‘अद्भुत’ डेम्लो म्हणत. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एकांचा वर्ग म्हणजे वरची संख्या. तिच्या अंकांची बेरीज ८१, तोही नऊचाच वर्ग.

पाटीवर गुणाकार मांडला की गुपित कळतं. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. रकान्यांची बेरीज एक, दोन, तीन अशी चढत नऊवर जाते आणि तशीच उतरते. हातचा कुठेच येत नाही. दहा एक घ्या, मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटं वाचून पाहा, जुळत नाही.

म्हणजे या संख्येची सगळी ऐट आपण दहाच्या पटीत मोजतो त्यावर उभी. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या मास्तरांना बरेच गणिती हसले, ते अशाच कारणाने: हा अंकांचा खेळ, गणित नव्हे. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कापरेकर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

मला ते हसणं पटत नाही. दहाची ही लिहिण्याची पद्धत काय साधी गोष्ट आहे? नवव्या शतकात जैन गणिती महावीराचार्यांनी १२३४५६५४३२१ ही याच घराण्यातली संख्या आपल्या ग्रंथात नोंदवली. त्याच शतकात बगदादला अल-ख्वारिज्मी हिंदुस्थानी अंकांनी हिशेब कसा करावा, हे अरबीत समजावून सांगत होता.

लहानपणी मी ही संख्या अब्बांच्या उर्दू पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहिली आणि विचारलं, तुम्ही उजवीकडून वाचता, मग ही कशी वाचणार? अब्बा हसले. म्हणाले, “बेटा, उर्दूत अक्षरं उजवीकडून, पण आकडे डावीकडूनच, तुझ्यासारखेच.” मग चष्मा वर सरकवून त्यांनी ती तरीही दोन्ही बाजूंनी वाचली. दुसऱ्यांदा जरा सावकाश.