बदललेल्या छपराचे घर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, यंत्रयुगाच्या ऐन भरात, इंग्लंडमध्ये कारागिराच्या हाताला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देऊ पाहणारी ‘आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स’ चळवळ उभी राहिली. तिचा आशय तिच्या लेखांइतकाच तिने बांधलेल्या घरांतही वाचता येतो. लेस्टरशरमधील चार्नवुडच्या खडकाळ वनप्रदेशातले ‘स्टोनीवेल’ हे असेच एक घर.

वास्तुकार अर्नेस्ट गिमसन (१८६४–१९१९) याने ते १८९९ च्या सुमारास आपला भाऊ सिडनी याच्यासाठी उन्हाळी निवास म्हणून उभारले. १८८४ मध्ये व्याख्यानासाठी लेस्टरला आलेल्या विल्यम मॉरिसची भेट तरुण अर्नेस्टच्या आयुष्याला वळण देणारी ठरली होती. टेकडीचा उतार सपाट न करता त्याने घरच उताराप्रमाणे वळवले. त्यामुळे खोल्या निरनिराळ्या पातळ्यांवर आल्या. भिंती परिसरातल्याच दगडाच्या आणि छप्पर गवताचे होते. या साधेपणात एक विसंगतीही दडलेली आहे. गिमसन कुटुंबाची संपत्ती लेस्टरमधील यंत्रनिर्मितीच्या कारखान्यातून आलेली होती. हाताचा गौरव करणारे हे घर यंत्राच्या पैशावर उभे राहिले, हे इतिहासाला नजरेआड करता येत नाही.

१९३९ मध्ये आगीत छप्पर जळाले. त्यानंतर घरावर गवताऐवजी त्याच भागातली स्विथलंड स्लेट चढली. पुढे २०१२ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ने हे घर गिमसन कुटुंबाकडून घेतले आणि २०१५ मध्ये ते लोकांसाठी खुले केले. स्लेटचे छप्पर मात्र कायम राहिले.

मूळ आराखड्याशी निष्ठा म्हणजेच जतन, असे मानणाऱ्याला येथे उणीव जाणवेल. परंतु १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन करताना मॉरिसने नेमका याच समजुतीला विरोध केला होता. वास्तूवर उमटलेली प्रत्येक काळाची खूण हा तिच्या चरित्राचाच भाग असतो. ती खरवडून कल्पित मूळ रूप उभे करणे म्हणजे इतिहासाची बनावट प्रत काढणे होय, अशी त्याची धारणा होती. गिमसनही याच संस्थेच्या कार्यात सहभागी होता.

म्हणूनच स्टोनीवेलचे बदललेले छप्पर त्याच्या रचनाकाराच्या विचाराशी प्रतारणा करीत नाही. जे खरोखर हरपले ते वेगळेच आहे. पिढ्यानपिढ्या एका कुटुंबाच्या वावराने उबदार राहिलेल्या खोल्यांतून आता अभ्यागत हिंडतात. वास्तू जपता येते. तिच्यातला संसार जपता येत नाही.