घराचें छत आणि चुन्याचे हात

घरीं आलेला पाहुणा भिंतीवरील तसबिरी पाहतो, फरशीची वाखाणणी करतो. मान वर करून छताकडे पाहण्याचें त्याला क्वचितच सुचतें. तरीहि घरांतील सर्वांत कठोर परीक्षा होते ती छताचीच. खिडकींतून येणारा उजेड समोरच्या भिंतीवर सरळ पडतो. छताला मात्र तो अगदीं तिरपा, जणूं घासून जातो. अशा उजेडांत पोस्टकार्डाच्या जाडीचा उंचवटाहि लांबलचक सावली पाडतो, आणि कुंच्याचा जो फटकारा भिंतीवर लपून गेला असता तो छतावर दिवसभर डोळ्यांत खुपतो. निर्मळ व एकसारखें छत ही म्हणूनच माणसाला सहजासहजीं साधलेली गोष्ट नव्हे. तिचा इतिहास पाहूं गेल्यास तो रंगाचा फारसा नाहीं. रंगाच्या खालीं जें असतें त्याचा, आणि त्यासाठीं माणसानें किती दम धरला याचा, तो इतिहास आहे.

या कामाचे जुने व तपशीलवार नियम रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हियस याच्या ग्रंथांत सांपडतात. इ. स. पूर्व पहिल्या शतकांतील हा ग्रंथकार सांगतो, कीं छतासाठीं प्रथम लांकडी पट्ट्यांचा सांगाडा करावा. त्याला बोरूच्या काड्या बांधाव्या. त्यांवर गिलावा व वाळूचा थर चढवावा आणि शेवटीं खडूनें किंवा संगमरवराच्या पुडीनें तें घोटावें. पट्ट्यांसाठीं सरूचें लांकूड घ्यावें, कारण तें लवकर कुजत नाहीं. चुना तर पुष्कळ अगोदर विरविलेला हवा. नाहीं तर त्यांतील कच्चे खडे मागाहून फुगतात आणि घोटलेल्या पृष्ठभागाचे टवके उडवितात. तीन वर्षांपेक्षां कमी मुरलेला चुना ठेकेदारानें वापरूं नये असा जुना नियम होता, असें प्लिनीनें नमूद केलें आहे. व्हिट्रूव्हियसची आणखी एक सूचना मार्मिक आहे. ज्या खोल्यांत विस्तव किंवा पुष्कळ दिवे जळतात, तेथें छताच्या कडेची नक्षी साधी ठेवावी, म्हणजे काजळी पुसणें सोपें जातें. धूर हा छताचा शत्रु आहे, हें रोमन गृहस्थाला चांगलें ठाऊक होतें.

चुन्याविषयींच्या या कडक नियमांचें कारण त्याच्या स्वभावांत आहे. चुनखडीचा दगड सुमारें ९०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर भाजला म्हणजे त्यांतील कार्बन डाय-ऑक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. पाणी पडतांच तो उकळून विरतो. आणि पुढें भिंतीवर बसल्यावर हवेंतील तोच वायु हळूहळू शोषून घेऊन पुन्हां दगड बनतो. सफेतीचा पातळ हात ओला असतांना फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो. खरा पांढरेपणा सुकल्यावर प्रकट होतो. नवशिका येथेंच फसतो. रंग चढला नाहीं असें समजून तो दाट चुना फासतो, आणि दाट थराला भेगा पडून पोपडे सुटतात. जाणता कारागीर पृष्ठभाग किंचित् ओला करतो, एकामागून एक पातळ हात देतो, आणि प्रत्येक हात सुकेपर्यंत थांबतो.

महाराष्ट्रांत या विद्येचा थोर पुरावा अजिंठ्याला आहे. इ. स. पांचव्या शतकांत तेथील पहिल्या, दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यांच्या छतांवर चित्रें काढण्यांत आलीं. कातळावर प्रथम तूस व वनस्पतींचे तंतु मिसळलेल्या मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ पांढरा हात, आणि तो सुकल्यावर रंग, असा तो क्रम होता. खालचा कातळ खडबडीतच ठेविलेला आहे. भिंतीवरील लेप अंशतः टेकून राहतो. छतावरील लेप मात्र सर्वस्वीं लोंबत असतो, आणि त्याला पकड हवी असते. वरचा गुळगुळीतपणा अशा रीतीनें खालच्या खडबडीतपणाच्या आधारावर टिकतो.

पकडीइतकेंच महत्त्व सुकण्याला आहे, याचा अनुभव अजिंठ्यानंतर सुमारें हजार वर्षांनीं रोम शहरांत मायकेलँजेलोला आला. सिस्टीन प्रार्थनामंदिराच्या छताचें काम त्यानें १५०८ सालीं हातीं घेतलें. काम थोडें पुढें जातें न जातें तोंच चित्रांवर बुरशी दिसूं लागली, आणि तो निराश होऊन काम सोडण्याच्या बेतांत आला. तेव्हां जुलियानो दा सांगालो या वास्तुविशारदानें गिलाव्यांत पाणी फार झाल्याचें त्याला दाखवून दिलें, असें त्याचा समकालीन चरित्रकार कोंदिव्ही लिहितो. काम पुढें चाललें व १५१२ सालीं पुरें झालें. नंतरच्या शतकांत मेणबत्त्यांच्या काजळीनें तें छत काळवंडलें, आणि १९८० ते १९८९ या काळांत तें साफ झाल्यावर मूळचे तेजस्वी रंग जगानें पुन्हां पाहिले.

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांना मात्र सपाट पांढऱ्या छताची गरज वाटली नाहीं. तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट असा तो कडीपाट असे. वरच्या मजल्याची जमीन तेंच खालच्या मजल्याचें छत. हौशी श्रीमंत खालून तक्तपोशी करून घेत. स्वयंपाकघरांतील लांकूड चुलीच्या धुरानें काळेंभोर होई, आणि त्यांत कोणाला कांहीं गैर वाटत नसे. चुन्याची खरी कला भिंतीवर चाले. बैलांच्या घाणींत चुना व वाळू दळली जाई. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचें पाणी असे पदार्थ त्यांत पडत. दिवाळीपूर्वी सफेती होई. चुना गाळून घेऊन त्यांत थोडा डिंक घालीत, म्हणजे तो हाताला लागत नसे. आणि चिमूटभर नीळ घालीत, म्हणजे पिवळसर झांक मरून पांढरा रंग अधिक पांढरा दिसे.

या घरगुती सफेतीला एक दिवस सरकारी सक्तीचें रूप आलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां घरें धुणें, जंतुनाशक शिंपडणें व चुना फासणें हे उपाय मोठ्या प्रमाणावर योजले गेले. उजेड व वारा यावा म्हणून कोठें कोठें छपरांनाहि भोंकें पाडण्यांत आलीं. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्यानें पृष्ठभागावरील जंतु मरतात, हें खरें. परंतु प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळें होतो, असें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनें १८९८ सालीं मांडलें, आणि पुढें तें मान्य झालें. चुन्यानें प्लेग हटला नाहीं. तरी पांढरी खोली म्हणजे निरोगी खोली ही समजूत शहरी मनांत कायमची रुजली.

युरोपांतील घरांच्या छतांना खडूची भुकटी, सरस व पाणी यांचा डिस्टेंपर देण्याची पद्धत होती. तो हाताला लागे. पण छताला हात लावतो कोण? नवा हात देण्यापूर्वी जुना धुऊन काढावा लागे. जो आळस करी त्याच्या छताचे पापुद्रे सुटत. तैलरंगांत शिशाचा सफेता वापरीत. तो उत्तम झांकतो, पण विषारी आहे. आणि त्याची किंमत रंगाऱ्यांनीं पोटशूळ व लुळे पडलेले हात या रूपानें मोजली. १९२१ सालीं आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनें घरांच्या आंतील रंगकामांत सफेता वापरण्यास प्रतिबंध करणारा करार संमत केला. त्याच सुमारास टायटॅनियमचा निरुपद्रवी पांढरा रंग बाजारांत येऊं लागला. भारतांत त्यासाठीं त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूचा उपयोग झाला, आणि १९४६ सालीं तिरुवनंतपुरमजवळ कारखाना स्थापन झाला.

सपाट छत मध्यम वर्गाच्या घरांत आलें तें सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबबरोबर. १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या ओव्हल मैदानालगत व मरीन ड्राइव्हवर उभ्या राहिलेल्या इमारती याची साक्ष देतात. गिलावा धरावा म्हणून गवंडी स्लॅबच्या तळाला टोचे मारतो. अजिंठ्याच्या कातळाचेंच हें तत्त्व. १९४० सालीं टोरांटो येथें नॉर्मन ब्रेकी यानें रंगाचा रूळ तयार केला, आणि परांचीवर मान मोडून काम करणाऱ्याचे श्रम कमी झाले. पण रुळानेंहि पट्टे उमटतात. म्हणून आधींच्या पट्ट्याची कड ओली असतांनाच पुढचा पट्टा तिला मिळवावा लागतो, आणि शेवटचा हात खिडकीच्या उजेडाच्या दिशेनें द्यावा लागतो.

जेथें हे श्रम चुकविण्याचा मोह झाला, तेथें त्याचें मोल द्यावें लागलें. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत छताचे दोष झांकण्यासाठीं खरखरीत, दाणेदार लेप फवारण्याची टूम निघाली. अशा पुष्कळ लेपांत फुप्फुसांना घातक असलेलें ॲस्बेस्टॉस होतें. १९७८ सालीं तेथील सरकारनें त्याच्या अशा फवारणीवर बंदी घातली. भारतांत १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम लागू आहे. जुन्या इमारतींच्या छतांवर मात्र त्यापूर्वींचे थर असूं शकतात. ते कोरडे घासले तर त्यांची धूळ घरभर पसरते व खेळत्या मुलांच्या पोटांत जाते. म्हणून पाणी मारून, ओले करूनच ते काढणें हिताचें असतें.

हल्लीं तयार लांबी डब्यांत मिळते, अस्तर तासाभरांत सुकतें आणि रंग पाण्यांत मिसळतो. तीन वर्षे चुना मुरवीत बसण्याची आतां कोणाला गरज नाहीं. तरीहि ओल थांबविणें, पोपडे काढणें, भेगा भरणें, घासणें, पुसणें आणि सुकूं देणें हीं कामें टळलेलीं नाहींत. रंगाचा अखेरचा हात अर्ध्या दिवसांत संपतो. त्याच्या आधींच्या कामाला जो चार दिवस देतो, त्याचें छत सकाळच्या तिरप्या उन्हांतहि निर्मळ दिसतें.