शामोनीचा उन्हाळा

उन्हाळ्याची सुटी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें आजोळ, आंब्यांची अढी आणि दुपारचे पत्त्यांचे डाव उभे राहतात. ज्यांस ऐपत असते ते महाबळेश्वर-माथेरानास जाऊन येतात. युरोपांत हा सुटीचा काळ जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा. तो घालविण्यासाठीं तेथील सुखवस्तु मंडळी गेलीं अडीचशें वर्षें ज्या ठिकाणांकडे धांव घेत आली आहेत, त्यांत आल्प्स पर्वतांतील शामोनी या गांवाचें नांव फार वर लागतें. गांव एका अरुंद खोऱ्यांत, सुमारें १,०३५ मीटर उंचीवर वसलेलें. आणि त्याच्या माथ्यावर ४,८०० मीटरांहून उंच असें माँ ब्लाँचें धवल शिखर. या गांवच्या सुटीचा इतिहास बहुतांशीं पाहुण्यांनींच लिहिलेला आहे. तोच इतिहास यजमानांच्या ओसरीवर बसून वाचला तर कसा दिसतो, हें पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

पाहुण्यांच्या पोथीचा पहिला अध्याय इ. स. १७४१ च्या जून महिन्यांत सुरू होतो. विंडहॅम आणि पोकॉक हे दोन इंग्रज गृहस्थ कांहीं देशबांधव व नोकर बरोबर घेऊन जिनीव्हाहून निघाले आणि शामोनीस येऊन पोहोंचले. रानटी लोकांच्या मुलुखांत जावयाचें म्हणून मंडळींनीं शस्त्रें घेतलीं होतीं. पोकॉक नुकताच पूर्वेकडील देशांतून परतला होता, त्यानें तर अरबाचा वेष चढविला होता! गांवकऱ्यांनीं या सशस्त्र पाहुण्यांस उपद्रव तर दिला नाहींच, उलट मोंतांवेरच्या उंचवट्यावर नेऊन खालची प्रचंड हिमनदी दाखविली. वाऱ्यानें खवळलेलें सरोवर एकाएकीं गोठावें तशी ती विंडहॅमास दिसली, आणि पुढें तिला ‘मेर द ग्लास’, म्हणजे बर्फाचा सागर, हें नांव पडलें. या फेरीचें वर्णन लंडनमध्यें छापून निघालें आणि शामोनीचा ‘शोध’ लागला असें विद्वज्जन म्हणूं लागले. वस्तुतः इ. स. १०९१ च्या सुमारासच या खोऱ्याचें दानपत्र झालें होतें व तेथें ख्रिस्ती मठ उभा राहिला होता; इ. स. १५३० पासून तेथें वर्षाला दोन जत्रा भरविण्याची परवानगी होती. धर्माधिकारी व सरकारी अंमलदार येऊन जात होते. साडेसहाशें वर्षें ज्या गांवाचा कारभार कागदोपत्रीं नांदत आहे, त्याचा शोध लागतो कसा, हें कोडेंच आहे. परंतु अशीं कोडीं आपल्या देशाच्या इतिहासांतही पुष्कळ असल्यामुळें त्याचें फारसें नवल वाटूं नये.

हा बर्फाचा सागर गांवकऱ्यांस कसा दिसत होता? सतराव्या शतकांत तेथील हिमनद्या पुढें पुढें सरकूं लागल्या व शेतें, झोंपड्या गिळूं लागल्या. इ. स. १६४४ त जिनीव्हाच्या धर्मपीठाचे शार्ल-ओग्युस्त द साल यांनीं सुमारें तीनशें माणसांची मिरवणूक हिमनदीच्या तोंडाशीं नेऊन तिच्यावर मंत्रोदक शिंपडलें. ज्या दृश्यासाठीं पुढें लक्षावधि लोकांनीं पैसे मोजले, तें दृश्य टळावें म्हणून या लोकांनीं देवाचा धांवा केला होता. उन्हाळा म्हणजे त्यांच्या लेखीं विश्रांति नव्हेच. वर्षांतील निम्मा काळ बर्फाखालीं जाणार. तेव्हां उन्हाळ्याच्या महिन्यांत गुरें वरच्या कुरणांवर न्यावयाचीं, दूध आटोपून चीज करावयाचें, आणि हिवाळ्यासाठीं गवत कापून, वाळवून घरांत भरावयाचें. तेवढ्यावर भागत नसे. कांहीं लोक कड्याकपारींतून स्फटिक शोधीत, कांहीं शॅमॉय नांवाच्या रानबकऱ्यांची शिकार करीत. आणि सावॉय प्रांतांतील कित्येक गरीब मुलें परक्या शहरांत जाऊन धुराडीं साफ करीत. मात्र स्फटिक शोधणाऱ्यांच्या व शिकाऱ्यांच्या पायांना बर्फाची जी ओळख झाली होती, तीच पुढें त्यांचें भांडवल ठरली.

तें भांडवल ओळखणारा पहिला मनुष्य जिनीव्हाचा तरुण शास्त्रज्ञ सोस्यूर. इ. स. १७६० मध्यें तो शामोनीस आला आणि माँ ब्लाँच्या माथ्यावर जाण्याची वाट जो शोधील त्यास बक्षीस देण्याचें त्यानें जाहीर केलें. सव्वीस वर्षें तें बक्षीस कोणाच्या हातीं लागलें नाहीं. अखेर १७८६ च्या ८ ऑगस्ट रोजीं सायंकाळीं गांवचा डॉक्टर मिशेल पाकार आणि स्फटिक शोधणारा झाक बाल्मा असे दोघेच शिखरावर पोहोंचले. पाकारनें वायुभारमापक बरोबर नेला होता. त्याच्या मनांत विज्ञान होतें. बाल्माच्या मनांत बक्षीस होतें, आणि त्याच्यासारख्या गरिबाच्या मनांत तें असूं नये असें आम्ही तरी म्हणणार नाहीं.

यानंतर जें घडलें तें मात्र दुःखद आहे. बूरी नांवाच्या जिनीव्हाच्या एका लेखकानें स्वतः शिखराचा प्रयत्न करून हार खाल्ली होती. त्यानें एक पत्र छापून सारें श्रेय बाल्माच्या पदरांत टाकलें आणि डॉक्टरास त्याच्यामागून फरफटत गेलेला मनुष्य ठरविलें. पाकार आपल्या चढाईवर पुस्तक लिहिणार होता, त्याची जाहिरातही निघाली. परंतु पुस्तक कधींच निघालें नाहीं. पाकार १८२७ त वारला. पांच वर्षांनीं कादंबरीकार अलेक्सांद्र द्यूमा शामोनीस आला. त्यानें वृद्ध बाल्माकडून हकीकत ऐकली आणि ती आपल्या रसाळ लेखणीनें जगभर पोहोंचविली. प्रतिवादी थडग्यांत असतां दिलेला हा निकाल जवळजवळ शंभर वर्षें टिकला. इ. स. १८८७ मध्यें गांवांत स्मारक उभें राहिलें, त्यांत बाल्मा सोस्यूरला शिखर दाखवीत आहे. पाकारचा पत्ता नाहीं. वास्तविक त्या ऑगस्टच्या दिवशीं गेर्सडॉर्फ नांवाचा एक जर्मन प्रवासी खालीं गांवांतून दुर्बिणीनें ती चढाई पाहत होता व त्यानें टिपणें ठेविलीं होतीं. विसाव्या शतकांत तीं उजेडांत आलीं आणि दोघेही बरोबरीनें चढले हें सिद्ध झालें. पाकारचा पुतळा उभा राहिला तो १९८६ त, चढाईला बरोबर दोनशें वर्षें झाल्यावर.

त्याच १७८६ सालीं शामोनीच्या लोकांनीं आणखी एक गोष्ट केली, ती प्रवासवर्णनांत क्वचितच सांपडते. सालांशच्या धर्मसंस्थेचे जे जमीनदारी हक्क त्यांच्या मानेवर होते, ते त्यांनीं पैसे मोजून सोडवून घेतले. शिखर आणि स्वातंत्र्य एकाच वर्षीं हातीं यावें हा योगायोग आम्हांस पुतळ्यांहून अधिक बोलका वाटतो.

पुढें पाहुण्यांचा ओघ वाढला. सन १७७० च्या सुमारास कूतरां नांवाच्या बाईनें उघडलेल्या साध्या उतारशाळेच्या जागीं इंग्रजी नांवांचीं हॉटेलें आलीं. १८१६ त कवि शेली व मेरी यांनीं खोरें पाहिलें, आणि दोन वर्षांनीं निघालेल्या मेरीच्या ‘फ्रँकन्स्टाइन’ कादंबरींत निर्माता व त्याचा राक्षस यांची भेट याच बर्फाच्या सागरावर झाली. गांवकऱ्यांनीं या कीर्तीचा हिशेब आपल्या परीनें मांडला. १८०८ त मारी पारादी ही गांवची गरीब मोलकरीण शिखरावर गेली, ती काव्यासाठीं नव्हे. वर जाऊन आलेली बाई पाहावयास पाहुणे येतील व चार पैसे देतील, असें वाटाड्यांनीं तिला समजाविलें होतें. वरच्या टप्प्यांत तिला अक्षरशः ओढून न्यावें लागलें. पण हिशेब खरा ठरला. १८३८ त आंरिएत दांजव्हील ही सरदार घराण्यांतील स्त्री हौसेनें चढून आली, तेव्हां तिनें मारीला आपल्या मेजवानीस मुद्दाम बोलाविलें. दोघींपैकीं अधिक धीट कोण हें आम्ही ठरवीत नाहीं. परंतु एकीचा उन्हाळा सुटीचा होता आणि दुसरीचा पोटाचा, एवढें विसरूं नये.

इ. स. १८२० त डॉ. हॅमेल या रशियाकडील शास्त्रज्ञाच्या चढाईंत ताजें बर्फ घसरलें व तीन वाटाडे कायमचे गाडले गेले. हवा पाहून वाटाडे परत फिरूं म्हणत होते आणि पाहुण्यांस पुढें जावयाचें होतें, असें सांगतात. दुसऱ्याच वर्षीं वाटाड्यांचा संघ स्थापन झाला. संकटांत सांपडलेल्या सभासदांसाठीं व त्यांच्या कुटुंबांसाठीं निधि उभारण्यांत आला आणि कामें पाळीपाळीनें वाटण्याचा नियम झाला. हा नियम इंग्रज गिर्यारोहकांस फार जाचला. उत्तम वाटाड्या हवा असतां पाळी आलेला सामान्य मनुष्य कां घ्यावा, असा त्यांचा सवाल. सवाल चुकीचा नव्हता. पण ज्या गांवांत कमाईचे महिने चारच, तेथें दोघांचौघांचेंच नांव होऊन बाकीच्यांच्या चुली थंड पडूं नयेत, हा विचारही तितकाच शहाणपणाचा होता.

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगतां येण्याजोगा आहे. अल्बर्ट स्मिथ नांवाचा खटपट्या इंग्रज १८५१ त सोळा वाटाडे आणि मद्याच्या नव्वदांवर बाटल्यांनिशीं वर गेला आणि पुढें कित्येक वर्षें लंडनमध्यें त्या चढाईचे खेळ करून श्रीमंत झाला. १८६० त सावॉय फ्रान्सकडे गेला. १८६३ त टॉमस कुकच्या पहिल्या स्विस सहलींतील मध्यमवर्गीय मंडळी घेरदार झगे सांवरीत बर्फाचा सागर ओलांडून गेली. १९०१ त आगगाडी आली, १९०९ त मोंतांवेरपर्यंत दांतेरी रुळांची गाडी पोहोंचली, आणि १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांनंतर हिवाळाही कमाईचा झाला.

हिमनदी मात्र आपला हिशेब स्वतंत्र ठेवते. १८२० त गाडलेल्या वाटाड्यांचे अवशेष बोसों हिमनदीनें १८६१ पासून पायथ्याशीं आणून टाकले, आणि त्या अपघातांतून वांचलेल्या एका वृद्धानें ते ओळखले. याच डोंगरावर आपल्याही मुंबईहून निघालेलीं दोन विमानें आदळलीं: १९५० त ‘मलबार प्रिन्सेस’ आणि १९६६ च्या २४ जानेवारीस ‘कांचनगंगा’. या दुसऱ्या अपघातांत डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ माणसें गेलीं. बर्फ वितळूं लागलें तशीं तीं वर्षेंही खालीं येत आहेत. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीचीं वृत्तपत्रें २०२० त तेथें सांपडलीं.

एके काळीं मोंतांवेरहून थोडें उतरलें कीं बर्फावर पाय पडे. आज ‘मेर द ग्लास’ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या लांबीपेक्षां दोन किलोमीटरांहून अधिक आखूड झाली आहे आणि खोल खालीं, दगडधोंड्यांखालीं दिसते. बर्फांतील कोरीव गुहेपर्यंत नेणाऱ्या जिन्याला दरवर्षीं पायऱ्या जोडाव्या लागल्या. त्या पांचशेंच्या वर गेल्या, आणि वाटेंत कोणत्या सालीं बर्फ कोठवर होतें याच्या पाट्या लावलेल्या. अखेर २०२४ त नदीच्या वरच्या अंगास नवा पाळणा सुरू झाला. १६४४ ची मिरवणूक उशिरानें फळली असें कोणी थट्टेनें म्हणेल. गांवांत मात्र ती थट्टा कोणास रुचणार नाहीं. २०२२ च्या जुलैंत, ऐन सुटीच्या हंगामांत, उष्णतेनें सुटलेले दगड वाटेवर इतके कोसळूं लागले कीं वाटाड्यांच्या संघांनीं नेहमीच्या मार्गानें माँ ब्लाँवर कोणास नेण्याचें कांहीं काळ थांबविलें. पाहुणे आलेले होते, पैसे भरलेले होते; या वेळीं वाटाड्यांनीं परत फिरा म्हटलें, आणि मंडळी परत फिरली.