निर्मात्याची माया

मराठी ख्रिस्ती घरांत जे ‘पवित्र शास्त्र’ वाचलं जातं, ते काढणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालय बेंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावर आहे. त्याच भागात, मेयो हॉलजवळ, फर्डिनांड किटेल यांचा पुतळा आहे. बासेल मिशनचे हे जर्मन पाद्री १८५३ साली भारतात आले, कन्नड शिकले, १८६२ मध्ये त्यांनी ‘कथामाले’ या नावाने येशूचं चरित्र कन्नड पद्यात रचलं. त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली मंगळुरूला छापून निघाला. आज ख्रिस्ती नसलेला कन्नड माणूसही त्यांचं नाव आदराने घेतो, ते या कोशामुळे. श्रद्धा दुसऱ्या भाषेत न्यायची तर आधी त्या भाषेच्या घरात बसून तिचे शब्द ऐकावे लागतात.

मी मराठी, राहायला बेंगळुरूत, घर ख्रिस्ती. ‘प्रेमळ निर्माता’ ही शब्दांची जोडी लहानपणापासून प्रार्थनेत कानावर पडत आली. ती इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यातून काही उमटेनासं झालं होतं. मग एकेक शब्द सुटा करून त्याचं मूळ पाहायला लागलो, आणि या जोडीला माझ्यापुरता अर्थ आला. तो इथे मांडतो.

मराठी बायबलचं पहिलं पुस्तक ‘उत्पत्ती’. त्याच्या आरंभीच देवाने आकाश आणि पृथ्वी ‘उत्पन्न’ केल्याचं सांगितलं आहे. ‘उद्’ म्हणजे वर, ‘पद्’ म्हणजे जाणे, पाऊल टाकणे. उत्पन्न म्हणजे वर आलेलं, उगवलेलं. शेतातून वर येतं ते उत्पन्न, त्यावरून घरात येणारा पैसाही उत्पन्न, आणि म्हणून तहसील कचेरीतून काढतो तो उत्पन्नाचा दाखला. शब्द चांगला आहे, पण त्यात उगवणाऱ्याकडे लक्ष जास्त आणि उगवणाऱ्यामागच्या हाताकडे कमी. कन्नडचं जुनं भाषांतर याच ठिकाणी ‘उंटुमाडिदनु’ म्हणतं. ‘उंटु’ म्हणजे आहे, ‘माडु’ म्हणजे करणे. जे नव्हतं, ते त्याने ‘आहे’ केलं. शून्यातून निर्मिती हा ख्रिस्ती विचार इतक्या साध्या, बाजारात रोज चालणाऱ्या शब्दांत क्वचितच सांगितला गेला असेल.

‘सृष्टी’ या शब्दाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा धातू ‘सृज्’. त्याचा मूळ अर्थ सोडणे, मोकळं करणे, हातातून जाऊ देणे. सर्ग, उत्सर्ग, सर्जन, विसर्जन हे सगळे त्याचेच. गणपतीचं आपण विसर्जन करतो आणि कवीला सर्जनशील म्हणतो, तेव्हा एकच धातू दोन टोकांना उभा असतो, आणि दोन्हीकडे अर्थ सोडून देण्याचा. मुंडक उपनिषदात कोळ्याचा दृष्टान्त येतो. कोळी आपल्यातूनच धागा सोडतो आणि परत आत घेतो. ख्रिस्ती मन इथे थोडं निराळं चालतं. त्याच्या लेखी सोडलेलं परत गिळलं जात नाही. ते निर्मात्याहून वेगळं राहतं, त्याच्याकडे पाठही फिरवू शकतं. एदेन बागेची सगळी कथा या पाठ फिरवण्याच्या मोकळीकीवर उभी आहे. ती मोकळीक नसती तर आदामाची आज्ञाधारकता आणि दगडाचं जागेवर पडून राहणं यांत फरक उरला नसता.

‘निर्माण’ शब्दात मोजमाप आहे. ‘निर्’ अधिक ‘मा’ आणि ‘मा’ म्हणजे मोजणे. माप, मात्रा, प्रमाण, परिमाण, अनुमान हा सगळा याच धातूचा गोतावळा. निर्माता म्हणजे मापून उभारणारा. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातही देव ओंजळीने समुद्र मोजतो. या शब्दाने देवाची थोरवी कळते, शिस्त कळते. पण मोजणाऱ्याचं मोजलेल्यावर प्रेम असेलच, असं हा शब्द आपण होऊन सांगत नाही.

आता ‘घडवणे’. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीपासून माणूस घडवतो. पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायातली हिब्रू क्रियापदं निरनिराळी आहेत. पहिल्यात ‘बारा’ येतं. हिब्रू बायबलमध्ये निर्माण करणे या अर्थी ते केवळ देवाच्या कृतीसाठी राखलेलं आहे. दुसऱ्यात ‘यात्सार’ येतं, आणि कुंभाराला हिब्रूत जो ‘योत्सेर’ म्हणतात तो त्याच धातूपासून आलेला. म्हणजे पहिल्या अध्यायात जो शब्दाने विश्व उभं करतो, तोच दुसऱ्या अध्यायात चिखलात हात घालतो. ‘आदाम’ हे नावही मातीला धरून आहे. हिब्रूत ‘अदामा’ म्हणजे जमीन, माती. आपण रोज ‘आदमी’ म्हणतो, तो शब्द अरबी-फारसीच्या वाटेने याच आदामाकडून आला. गोरोबाकाकांच्या महाराष्ट्राला मातीत पाय घालून उभा असलेला भक्त ओळखीचा आहे. इथे मातीत हात घालून बसलेला देव भेटतो.

एवढं झालं तरी ‘प्रेमळ’ कुठून येतं, हा प्रश्न राहतोच. मराठी बायबल देवाच्या प्रेमासाठी बहुतेक ठिकाणी ‘प्रीती’ हा शब्द वापरतं. कन्नड बायबलही ‘प्रीति’च वापरतं. धातू ‘प्री’, म्हणजे संतोष पावणे, आनंदित होणे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बहुतेक टप्प्यांवर आपलं काम निरखतो आणि ते चांगलं असल्याचं त्याला दिसतं. कामाचा असा मनापासून झालेला आनंद म्हणजे प्रीती. याच ‘प्री’चा ‘प्रिय’ होतो, आणि ‘प्रिय’चे दूरचे भाऊबंद इंग्रजीत सापडतात. ‘फ्रेंड’ हा एक, आणि ‘फ्री’ हा दुसरा. जुन्या जर्मानिक घरांत जे आपले, जिव्हाळ्याचे, ते ‘फ्री’. गुलाम त्यात मोडत नसत. त्यावरून ‘फ्री’ म्हणजे मोकळा, स्वतंत्र. ज्याच्यावर प्रीती, तो मोकळा, हे नातं शब्दांच्या हाडातच आहे. ‘सृज्’मधली मोकळीक आणि ‘प्री’मधला आनंद इथे एकमेकांना येऊन मिळतात.

‘वात्सल्य’ या शब्दात वासरू आहे. ‘वत्स’ म्हणजे वासरू, मूळ अर्थाने वर्षाचं झालेलं पिल्लू. ‘वत्सरूप’ या शब्दाचंच झिजत झिजत ‘वासरू’ झालं. संतांनी देवाला गाय आणि स्वतःला वासरू म्हटलं, ते या शब्दाच्या कुळाला धरूनच. हिब्रूत देवाच्या करुणेला ‘रहमीम’ म्हणतात आणि ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. ‘रहम’, ‘रहीम’ हे आपल्या कानांना सवयीचे अरबी शब्द त्याच सेमिटिक घराण्याचे. एका भाषेने गोठ्यातून शब्द उचलला, दुसरीने आईच्या पोटातून. दोघींनाही प्रेमाची खूण जन्म देणाऱ्या देहातच सापडली.

कोशातला हा अर्थ माणसाच्या आयुष्यात कसा उतरतो, हे पाहायला पंडिता रमाबाईंइतकं मोठं उदाहरण मराठीत नाही. त्यांचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामुळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. आईने मुलीला संस्कृत शिकवलं आणि कुटुंब तीर्थयात्रा करत देशभर फिरलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. भाऊ श्रीनिवास कोलकात्यापर्यंत सोबतीला होता, तोही १८८० मध्ये गेला. लग्नानंतर त्या सिल्चरला राहायला गेल्या. तिथे अ‍ॅलन नावाच्या बाप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून सांगितला. पुराणांत वाचलेल्या कथांहून ही सृष्टीची कथा त्यांना अगदी निराळी वाटली, खरीही वाटली. पण का खरी वाटते, याचं कारण त्यांना देता येईना. तसं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं आहे. म्हणजे निर्माता त्यांना सिल्चरला भेटला.

प्रेम भेटलं ते इंग्लंडमध्ये. लंडनजवळच्या फुलम इथे वाँटेज मठाच्या भगिनींनी चालवलेल्या घरात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना मायेने वागवलं जातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. हे तुम्ही का करता, असं विचारल्यावर तिथल्या एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. १८८३ मध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी ख्रिस्त स्वतःला खऱ्या अर्थाने गवसायला त्यानंतर बरीच वर्षं लागली, हेही त्या सांगतात. धर्म स्वीकारणं आणि धर्मातला शब्द आपला होणं, या दोन गोष्टींत त्यांनी भेद केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

ज्या दुष्काळाने त्यांचं घर पुसलं, तसाच दुष्काळ १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात आणि १९०० च्या सुमारास गुजरातेत पडला. रमाबाई तिथे गेल्या आणि शेकडो भुकेल्या मुली-बायकांना केडगावच्या आपल्या मुक्तिसदनात घेऊन आल्या. निर्माता प्रेमळ असेल तर दुष्काळ का, या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी जागा केली. उतारवयात त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला बसल्या, साध्या बायांना कळेल अशा मराठीत. छापखाना केडगावचाच, खिळे जुळवणारे हातही तिथल्या मुली-बायकांचे. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

रमाबाईंच्या आधी तीनशे वर्षं गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स याच वाटेने गेले. इंग्लंडमधले हे जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये रायतूरला त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. पहिल्या पुराणाची सुरुवात सृष्टीच्या कथेनेच होते. त्यांनी देवाला ‘बाप’ म्हटलं आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’. साष्टीच्या माणसाला स्वर्ग परका वाटू नये, ही त्यामागची तळमळ होती. नारायण वामन टिळकांचं पाऊल त्याहीपुढे पडलं. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका इंग्रज सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते मानत. म्हणून त्यांच्या अभंगांत ख्रिस्त आई होऊन येतो. वारकऱ्यांनी ज्ञानोबांना आणि विठोबाला जी हाक मारली, तीच हाक टिळकांनी न संकोचता ख्रिस्ताला मारली.

या सगळ्या शब्दांनंतर मी थांबलो तो ‘माया’ या शब्दाशी. व्याकरणाची परंपरा याचंही मूळ ‘मा’ धातूतच सांगते, ज्यातून ‘निर्माण’ आलं. वेदांमध्ये माया म्हणजे घडवण्याची अद्भुत शक्ती. वेदान्तात ती भ्रम झाली. मराठी घरात मात्र आजीची माया, मावशीची माया, म्हणजे जीव लावणं. आणि शिंप्याच्या दुकानात तिला आणखी एक अर्थ आहे. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात, ती माया. बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या नामदेव शिंपी आणि भावसार घरांत मराठी अजून बोलली जाते. लेकराचा गणवेश शिवायला टाकला की मास्तर विचारतात, माया किती ठेवू? वर्षाने तीच शिवण उसवतात. बाहेरचं कापड धुऊन धुऊन फिकं झालेलं असतं आणि आतून निघालेली पट्टी नव्या कापडाच्या रंगाची. मूल वाढणार, हे धरूनच ते कापड आत ठेवलेलं असतं. बाहेरून ते दिसत नाही, पण त्याच्याविना अंगरखा वर्षभरात टाकून द्यावा लागतो.

प्रेमळ निर्माता म्हणजे मला हे कळलं. ज्याने मापून घडवलं, त्यानेच माया ठेवली. माणूस चुकेल, वाढेल, दूर जाईल, परत येईल, एवढी जागा शिवणीत आधीच आहे. रमाबाईंनी केडगावला जी जागा केली, ती याच मायेतून. निर्मिती आणि प्रेम या दोन गोष्टी आधी वेगळ्या होत्या आणि मग कोणी विशेषण लावून जोडल्या, असं नाही. जागा सोडल्याशिवाय खरी निर्मिती होत नाही, आणि जागा सोडणं हेच प्रेम.

वाचकहो, तुमची श्रद्धा कोणतीही असो, तिच्यातला एखादा रोजचा शब्द घ्या आणि तुमच्या आजीने, शिंप्याने, शेजाऱ्याने तो कुठे कुठे वापरला ते आठवून पाहा. श्रद्धेचा अर्थ घरच्या भाषेत सापडल्याशिवाय तो आपला होत नाही.