उतारवयातील अशक्तपणा आणि ग्रोथ हार्मोन वाढवणारी पेप्टाइड इंजेक्शने

थोडक्यात

• वयानुसार ग्रोथ हार्मोन कमी होणे हा आजार नाही. केवळ त्यासाठी पेप्टाइडची इंजेक्शने घेण्याची गरज नाही.
• या इंजेक्शनांनी रक्त तपासणीतला आकडा वाढू शकतो. निरोगी वृद्धांची ताकद त्यामुळे वाढते, असे सिद्ध झालेले नाही. साखर मात्र वाढू शकते.
• काही जणांमध्ये मेंदूतील पीयूषिका ग्रंथी खरोखरच निकामी झालेली असते. घोणस चावून वाचलेले रुग्ण आणि बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेल्या स्त्रिया यांनी हा लेख मुद्दाम शेवटपर्यंत वाचावा.

हा प्रश्न आता आपल्यापर्यंत का आला?

शिराळा तालुक्यातल्या अनेक घरांतले एखादे तरी माणूस मुंबई-पुण्यात नोकरीला असते. गावी आई-वडील थकलेले दिसतात, जिना चढताना दम लागतो, मांड्या बारीक झालेल्या असतात. मग मोबाइलवर जाहिरात दिसते: ‘शरीराचे स्वतःचे ग्रोथ हार्मोन नैसर्गिकरीत्या वाढवा, पुन्हा तरुण व्हा.’ मुलगा काळजीपोटी कुपी मागवतो. तुमच्या घरी अशी कुपी आली असेल किंवा मागवायचा विचार चालू असेल, तर आधी पुढची माहिती समजून घ्या.

ग्रोथ हार्मोन शरीरात कसे काम करते?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ग्रोथ हार्मोन तिथे तयार होते. ते सतत एकसारखे पाझरत नाही, दिवसभरात थोड्या थोड्या वेळाने उसळी मारून रक्तात येते. सर्वांत मोठी उसळी रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येते. हे हार्मोन यकृतापर्यंत पोहोचले की तिथे आयजीएफ-१ नावाचा दुसरा पदार्थ तयार होतो. स्नायू, हाडे आणि चरबी यांच्यावरचा बराचसा परिणाम त्याच्यामार्फत होतो.

पीयूषिकेच्या वर मेंदूचा जो भाग आहे, तो दोन प्रकारचे निरोप पाठवतो: ‘हार्मोन सोड’ आणि ‘आता थांब’. तिशीनंतर या उसळ्या हळूहळू लहान होत जातात. पोटावरची चरबी, अपुरी झोप आणि हालचालीचा अभाव यांमुळे त्या आणखी घटतात. वयाबरोबर केस पिकतात, तसाच हा बदल आहे.

पेप्टाइड इंजेक्शने म्हणजे काय?

प्रथिने ज्या अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांच्याच छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. इथे ज्यांची चर्चा आहे ती पेप्टाइडे स्वतः ग्रोथ हार्मोन नसतात. ती पीयूषिकेला ‘हार्मोन सोड’ असा निरोप देतात.

• सर्मोरेलिन: अमेरिकेत १९९७ मध्ये वाढ खुंटलेल्या मुलांसाठी मान्यता मिळाली. २००८ मध्ये उत्पादकाने ते बाजारातून काढून घेतले.
• टेसामोरेलिन: अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली, पण फक्त एचआयव्हीच्या काही रुग्णांच्या पोटात साठणाऱ्या चरबीसाठी. वार्धक्यासाठी नाही.
• आयपामोरेलिन आणि सीजेसी-१२९५: जाहिरातींमध्ये ही जोडी सर्वांत जास्त दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यांना कोणत्याही आजारासाठी मान्यता दिलेली नाही.
• एमके-६७७: ही तोंडाने घ्यायची गोळी आहे. पेप्टाइड नसूनही ती याच यादीत विकली जाते.

भारतात कोणतेही नवे औषध विकण्याआधी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यता लागते. कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असेल, तर ती माणसाला टोचण्यासाठी बनवलेली नाही, हे विक्रेत्यानेच लिहून दिलेले आहे.

‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?’

नागपंचमीमुळे देशभर ओळखल्या जाणाऱ्या शिराळ्यात हे समजावायला फार लांब जावे लागत नाही. नागाच्या विषातला नसा लुळ्या पाडणारा घटकसुद्धा अमिनो आम्लांची साखळीच आहे, आणि तोही पूर्णपणे नैसर्गिक आहे. मधुमेही माणसाचा जीव वाचवणारे इन्सुलिनही अशीच साखळी आहे, पण चुकीच्या मात्रेत तेच जीव घेऊ शकते. म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दावर समाधान मानू नका. हे कोणाला, किती आणि कशासाठी द्यायचे, आणि त्याचा फायदा कोणी मोजला आहे, ते विचारा.

अभ्यास काय सांगतात?

या साऱ्या उत्साहाची सुरुवात १९९० सालच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासातून झाली. ६१ ते ८१ वयाच्या १२ पुरुषांना सहा महिने प्रत्यक्ष ग्रोथ हार्मोन दिले गेले. त्यांच्या शरीरातला चरबीविरहित भाग सुमारे ९ टक्क्यांनी वाढला आणि चरबी सुमारे १४ टक्क्यांनी घटली. जाहिरातींमध्ये आजही हेच आकडे फिरतात.

पुढे काय झाले ते जाहिरातीत नसते. १९९६ मध्ये सत्तरीपुढच्या ५२ निरोगी पुरुषांवर अभ्यास झाला. त्यांचेही वजनाचे गणित सुधारले, पण ताकद आणि रोजची कामे करण्याची क्षमता वाढली नाही. स्नायूंसोबत शरीरात पाणीही साठते, त्यामुळे ‘चरबीविरहित वजन’ वाढले म्हणजे बळ वाढले, असे होत नाही.

हार्मोन सोडायला लावणाऱ्या औषधांचे काय? एमके-६७७ चा अभ्यास ६० ते ८१ वयाच्या ६५ निरोगी व्यक्तींवर झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात चरबीविरहित वजन सरासरी १.१ किलोने वाढले. ताकद वाढली नाही, उपाशीपोटीची साखर मात्र थोडी चढली. खुब्याचे हाड मोडलेल्या १२३ वृद्धांवरचा दुसरा अभ्यास हृदय निकामी होण्याच्या काळजीमुळे मुदतीआधीच थांबवावा लागला. आयपामोरेलिन आणि सीजेसी-१२९५ यांच्यावर तर वृद्धांमध्ये एवढेही मोठे आणि दीर्घ अभ्यास झालेले नाहीत.

कोणते त्रास होऊ शकतात?

• पायांवर, चेहऱ्यावर सूज, सांधेदुखी
• हाताला मुंग्या येणे, रात्री बोटे बधिर होणे
• रक्तातली साखर वाढणे, असलेला मधुमेह हाताबाहेर जाणे
• चेहरा एकदम लाल-गरम होणे, डोकेदुखी, खूप भूक लागणे
• अस्वच्छ कुपी किंवा सुईमुळे जंतुसंसर्ग, गळू

कर्करोग झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या माणसाने ही इंजेक्शने घेऊ नयेत, कारण आयजीएफ-१ पेशींच्या वाढीला चालना देतो. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनीही टाळावीत. शिवाय अशा कुप्या थंड ठेवाव्या लागतात. कुरिअरच्या प्रवासात आणि पावसाळ्यात तासन्‌तास वीज नसताना आत काय उरते, हे कुपीकडे पाहून कळत नाही.

घरात तालमीत जाणारा नातू किंवा कबड्डी खेळणारी नात असेल, तर आणखी एक सावधगिरी बाळगा. ही सगळी औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी असलेल्या यादीत आहेत. आजोबांच्या कुपीतून ‘थोडेसे’ घेतले तरी खेळाडूवर बंदी येऊ शकते.

मग खरी कमतरता कोणाला असते?

हा भाग शिराळ्यासारख्या भातशेतीच्या आणि डोंगराळ भागासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. पीयूषिकेला इजा झाली, तर ग्रोथ हार्मोनसह अनेक हार्मोन कमी पडतात. अशी इजा पुढील कारणांनी होऊ शकते.

• घोणस चावणे. घोणशीच्या विषाने रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात, रक्तस्रावही होतो. त्यात पीयूषिकेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. ब्रह्मदेशातल्या अशा रुग्णांची माहिती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. नंतर भारतातूनही असे रुग्ण नोंदवले गेले. त्रास लगेच दिसतो, किंवा काही वर्षांनीही.
• बाळंतपणातला मोठा रक्तस्राव. त्यानंतर अंगावर दूध आले नाही, पाळी परत सुरू झाली नाही, तेव्हापासून अंगात त्राण नाही, अशी हकिगत असते. घरी बाळंत झालेल्या अनेक आज्यांनी ती कोणा डॉक्टरला कधी सांगितलेलीच नसते.
• डोक्याला जबर मार, पीयूषिकेची गाठ, मेंदूवरची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार.

अशा व्यक्तीला सतत थकवा असतो. रक्तदाब कमी राहतो, उठताना चक्कर येते, थंडी सोसत नाही. काखेतले केस आणि पुरुषांमध्ये दाढी विरळ होते. सोडियम कमी होऊन वारंवार रुग्णालयात न्यावे लागते. घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ खरे तर कॉर्टिसोल आणि थायरॉइड हे जगण्याला आवश्यक हार्मोन कमी पडलेले असतात. त्यांच्या गोळ्या महाग नाहीत आणि त्यांनी माणूस पुन्हा उभा राहतो. मात्र क्रम महत्त्वाचा: आधी कॉर्टिसोलची भरपाई, मग थायरॉइडची. उलट केल्यास जिवावर बेतू शकते.

आता पेप्टाइडचा हिशेब बघा. ग्रंथी निरोगी असेल तर त्यांची गरज सिद्ध झालेली नाही. ग्रंथीच नष्ट झाली असेल तर निरोप घ्यायला तिथे कोणी नाही, मग पेप्टाइड काम कसे करणार? अशा रुग्णाला ग्रोथ हार्मोन द्यायचेच ठरले, तर तज्ज्ञ डॉक्टर प्रत्यक्ष ग्रोथ हार्मोन देतात आणि नियमित तपासण्या करतात.

तातडीची सूचना: घोणस चावण्याचा किंवा बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावाचा इतिहास असलेल्या व्यक्तीला ताप-उलट्या होऊन ग्लानी आली, रक्तदाब उतरला, तर घरी थांबू नका. लगेच रुग्णालयात न्या आणि ती जुनी घटना डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तपासणी कशी होते?

एकदाच रक्त काढून ग्रोथ हार्मोन मोजण्याला फारसा अर्थ नाही, कारण ते उसळ्यांनी येते. आयजीएफ-१ कुपोषणात आणि यकृताच्या आजारातही कमी येतो. त्यामुळे एका अहवालावरून ‘कमतरता’ ठरवू नका. संशय असेल तर सकाळचे कॉर्टिसोल, थायरॉइडच्या टीएसएच आणि टी-४ या दोन्ही तपासण्या, सोडियम, गरजेनुसार एमआरआय आणि विशेष उत्तेजन चाचणी केली जाते. पीयूषिकेच्या आजारात एकटी टीएसएच ‘नॉर्मल’ येऊ शकते, हे लक्षात ठेवा. शिराळ्यातल्या सरकारी रुग्णालयात सुरुवात करा. पुढे लागल्यास मिरज किंवा कराडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी मागा.

बहुतेकांच्या अशक्तपणाचे कारण वेगळेच असते

रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, मूत्रपिंडाचा आजार, बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, दात नसल्यामुळे नीट न चावता येणे: ही कारणे साध्या तपासणीत सापडतात आणि बहुतेकांवर उपचार आहेत. सांधेदुखीसाठी बिननावाची पुडी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. तिच्यात स्टेरॉइड असू शकते आणि त्यानेच मांड्यांचे स्नायू झिजतात. अशी पुडी मनाने एकदम बंद करू नका.

ताकद खरोखर कशाने वाढते?

ज्या १९९० सालच्या अभ्यासाचा जाहिराती डंका पिटतात, त्याच वर्षी दुसरा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ९० वर्षे वयाच्या अशक्त वृद्धांनी आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम केले. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. कोणतेही इंजेक्शन दिलेले नव्हते.

• आठवड्यातून तीन दिवस: हात न टेकता खुर्चीतून ८-१० वेळा उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, भिंतीवर हात टेकून दंड. सोपे वाटू लागले की फेऱ्या वाढवा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना भेटा.
• प्रथिने: वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १ ते १.२ ग्रॅम. ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. एक अंडे, एक कप दूध, मूठभर शेंगदाणे किंवा मूठभर मटकी-हरभऱ्याची उसळ यांतून प्रत्येकी ६-७ ग्रॅम मिळतात. नुसत्या भात-आमटीवर हा हिशेब जुळत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.
• झोप: ग्रोथ हार्मोनची मोठी उसळी गाढ झोपेतच येते. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे असेल तर तपासून घ्या.

इंजेक्शने आधीच चालू असतील तर

घाबरू नका आणि लपवूही नका. पुढची मात्रा घेण्याआधी कुपी, खोका आणि बिल घेऊन डॉक्टरांकडे जा. साखर, रक्तदाब आणि पायांची सूज तपासून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे त्याच आठवड्यात करा.

मुलांनी आई-वडिलांसाठी पैसे बाजूला काढले असतील, तर त्यातून आधी वर सांगितलेल्या तपासण्या, चष्मा आणि दातांची कवळी होऊ द्या. त्यानंतरही कोणी पेप्टाइड सुचवले, तर तीन प्रश्न विचारा: मला नेमका कोणता आजार आहे? या औषधाला त्या आजारासाठी भारतात मान्यता आहे का? आणि सहा महिन्यांनी फायदा झाला की नाही, हे आपण कशावरून ठरवणार आहोत? यांची स्पष्ट उत्तरे मिळेपर्यंत सुई टोचून घेऊ नका.