धन, ऋण आणि सोळा बिट

इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें धन आणि ऋण यांच्या गणिताचे नियम सांगितले. सावकारी व्यवहारांतले हे दोन शब्द मराठी अंकगणितांत अजून तसेच आहेत. विसाव्या शतकांत मात्र त्यांची गांठ अशा यंत्राशीं पडली, कीं ज्याला वजाचें चिन्ह ठाऊकच नव्हतें. त्याच्यापाशीं बिट तेवढे होते. आणि बिट म्हणजे एक तर शून्य, नाहीं तर एक.

मे १९५९ मध्यें अमेरिकेच्या पेंटॅगॉनमध्यें सरकारी खातीं, यंत्रांचे कारखानदार आणि त्यांचीं गिऱ्हाइकें यांची बैठक भरली. हिशेबाच्या कामीं सर्व यंत्रांवर चालेल अशी एकच भाषा असावी, हा तिचा हेतु. तींतून कोबॉल जन्मली. पण ऋण संख्या यंत्राच्या पोटांत कशी ठेवावी, हें या भाषेनें ठरविलेंच नाहीं. तिनें मुनिमासारखे दोनच प्रश्न विचारले: अंक किती, आणि चिन्ह हवें कीं नको? हवें असल्यास अंकांपुढें 'एस' हें अक्षर लिहावयाचें. बाकीचें कारखानदारांवर सोपविलें. हें शहाणपणाचेंच झालें, कारण त्यांच्यांत एकमत नव्हतें. आयबीएमच्या ७०९० यंत्रांत चिन्हासाठीं निराळा बिट असे. युनिव्हॅक ११०७ मध्यें सारे बिट उलटे केले कीं संख्या ऋण होई. परिणामीं दोन्हींकडे शून्यें दोन, एक धन व एक ऋण!

१९६४ सालीं जाहीर झालेल्या आयबीएमच्या 'सिस्टिम ३६०'नें द्विमान संख्यांसाठीं पूरकाची रीत घेतली: बिट उलटावे आणि एक मिळवावा. मग शून्य एकच उरतें. चार अंकांपर्यंतच्या संख्येस तेथें सोळा बिट मिळत. ते सोळाही 'एक' असले तर चिन्हासह वाचणाऱ्यास ती संख्या उणें एक दिसते. चिन्हावांचून वाचणाऱ्यास ६५,५३५. बिट तेच.

खरा धोका याहूनहि साधा आहे. 'एस' नसलेल्या जागीं उणें शंभर ठेवावयास गेल्यास कोबॉल चिन्ह टाकून नुसते शंभर ठेवते. देण्याची जमा होते, आणि यंत्र तक्रार करीत नाहीं.

दुसरी गंमत मर्यादेची. चिन्हासह सोळा बिटांत ३२,७६७ पर्यंत संख्या मावते. पण चार अंक सांगितले असले तर प्रमाण कोबॉल ९,९९९ वरच थांबते, आणि १२,३४५ ठेवूं गेल्यास २,३४५ उरतात. यंत्राची ऐपत कितीहि असो, शब्द मुनिमाचा. 'कॉम्प-५' या पुढच्या प्रकारानें मात्र सोळाही बिटांची पुरी जागा मोकळी केली: चिन्हासह उणें ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत, चिन्हावांचून शून्यापासून ६५,५३५ पर्यंत.